पस्तीस मिनिटांची रेल्वे

आम्हा नवरा-बायकोनं मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे माझ्या पायाची नखं काढणं. मला आता वाकता येत नाही, गुडघे दुमडायचे बंद झालेत. म्हणून दर पंधरा दिवसांनी मी उंबऱ्यात पाय पसरून बसायचो आणि भागू समोर पाट टाकून नखं काढायची. नऊ नखं सरळ आहेत. उजव्या अंगठ्याचं मात्र काळं, जाड, बैलाच्या खुरासारखं आहे. ते कात्रीला दाद देत नाही. आधी कोमट पाण्यात भिजवायचं आणि मग पानाच्या अडकित्त्यानं कडेकडेनं तोडायचं.

त्या दुपारी तिचं तेच चाललं होतं आणि तोंडाचा पट्टाही चालू होता. "रेल्वेचा बूट घातला असता तर ह्यो नांगराचा फाळ झाला नसता. माजा अडकित्ता गेला की वाया."

मी म्हणालो, बूट घातला असता तर तुला नवरा नाही, साहेब मिळाला असता.

"मिळू द्या की. साहेबाचं नख मऊ असतंय."

या अंकाच्या संपादकांचं पत्र तेव्हा येऊन पडलं होतं. गिरणीतल्या फुटबॉलविषयी लिहा, सोळा वर्षं एकाच क्लबात खेळलात त्याविषयी लिहा, असं त्यात होतं. मी हिला वाचून दाखवलं. माझी शाळा चौथीपर्यंत, त्यातही चौथीत मास्तरांपेक्षा मेंढरांनी मला जास्त पाहिलं. म्हटलं, मला कुठं लिहायला येतंय. अडकित्ता पदराला पुसत ही म्हणाली, "लिवा की. पर कुर्डुवाडीचं बी लिवा. एकच क्लब, एकच क्लब म्हनून लोकास्नी फसवू नका."

मग आम्ही चहा घेतला. एवढंच. त्यात सांगण्यासारखं काही नाही, पण त्यानंतरचं दोघांचं असं काहीच नाही, म्हणून सांगितलं. ती म्हणाली तसं लिहितो.

तर पहिल्यांदा खरं काय ते सांगून टाकतो. मी सोळा वर्षं एका क्लबात खेळलो हे खोटं आहे. त्यातली पस्तीस मिनिटं मी दुसरीकडं खेळलो.

मी मूळचा सांगोल्याकडचा. एका वर्षी पाऊस पडला नाही, दुसऱ्या वर्षी मेंढरं गेली, तिसऱ्या वर्षी मी सोलापुरात गिरणीच्या दारात उभा. माग खात्यात लागलो. आमच्याकडं मागाला साचा म्हणायचे. एका माणसाकडं दोन साचे. धोटा इकडून तिकडं पळतो, सूत तुटलं की साचा थांबवायचा, गाठ मारायची, परत चालू करायचा. आवाज असा की शेजारचा बोंबलला तरी ऐकू येत नाही. भागू त्याच गिरणीत वायंडिंग खात्यात होती. तिथं बायका लडीचं सूत रिळांवर भरायच्या. मी गिरणीत लागल्यावर दुसऱ्या वर्षी आमचं लग्न झालं.

आमच्या खात्याचा जॉबर, म्हणजे आमच्यावरचा मुकादम, नरसय्या. तेलुगू माणूस, अंगानं किडकिडीत, पण फुटबॉलचं वेड असं की पोराच्या बारशाला चेंडू पाळण्यात ठेवला होता. त्यानं क्लब काढला होता. संध्याकाळचा भोंगा झाला की मैदानावर जमायचं, म्हणून लोक त्याला भोंगा क्लब म्हणायला लागले. नाव चिडवायला ठेवलं होतं, आम्ही तेच सदऱ्यावर शिवून घेतलं.

आता न पाहिलेल्यांसाठी तेव्हाचा खेळ सांगतो. आम्ही अनवाणी खेळायचो. गोरे, लष्करातले आणि रेल्वेतले काही जण बूट घालायचे. चेंडू कातड्याचा, आत रबरी ब्लॅडर, तोंड चामड्याच्या वादीनं शिवलेलं. ती वादी कपाळावर बसली की आठ दिवस खूण राहायची. चेंडू भिजला की धोंडा. मैदान म्हणजे मुरूम. गवत आम्ही फक्त कलेक्टरच्या बंगल्यात पाहिलं, तेही बाहेरून.

मी बॅक. तेव्हा गोलकीपरच्या पुढं दोनच बॅक असायचे, एक उजवा, एक डावा. पुढचे पळतात, गोल करतात, त्यांना लोक खांद्यावर घेतात. बॅकनं नुसतं अडवायचं आणि लांब मारायचं. त्याची आठवण लोकांना फक्त तो चुकल्यावर येते. मी उजवा बॅक आणि डावा बॅक हुसेन. हुसेन रंग खात्यातला. त्याचे हात कोपरापर्यंत कधी लाल, कधी निळे. आठवड्यात कोणता माल चालू आहे ते हुसेनचे हात बघून कळायचं. भागू म्हणायची, हुसेनभाऊंच्या घरात भाकरी बी रंगीत होत आसल.

दोन बॅकांचं एक कलम असतं. चेंडू दोघांच्या मधोमध आला की दोघंही धावतात, आपटतात आणि चेंडू तिसराच घेऊन जातो. म्हणून ज्याला चेंडू सोपा, त्यानं "छोड" म्हणायचं. दुसऱ्यानं मागं न बघता, विचार न करता बाजूला व्हायचं. विचार केलास की गेलास. आम्ही दहा वर्षं ते इतकं घोटलं होतं की बाजारात हुसेन कुणाला "छोड" म्हणाला तरी माझा पाय आपोआप मागं यायचा.

तेव्हा आतासारखे कागद नव्हते. आज कोण कुणाकडून खेळेल याला धरबंध नव्हता. चांगला गडी उसना मागून न्यायचे, जशी लग्नाला परात नेतात. एक गडी होता, नाव सांगत नाही, नातवंडं कर्तीसवरती आहेत. तो सोमवारी एका क्लबात गणपत असायचा आणि बुधवारी दुसऱ्या क्लबात गुलाब. एकदा रेफ्रीनं त्याला नाव विचारलं तर त्यानं रेफ्रीलाच विचारलं, आज कोणता क्लब हाय? अशा काळात भोंगा क्लबातलं कुणी उसनं जात नसे. त्याचं कारण मनाचा मोठेपणा नव्हे. कारण होते साचे.

मॅच पाचला, भोंगा सहाला. मग पाचला मैदानावर जाणार कसं? नरसय्यानं वहिवाट पाडली होती. ज्या दिवशी मॅच, त्या दिवशी खेळणाऱ्याचे दोन साचे शेजारच्यानं सांभाळायचे. म्हणजे त्यानं एकट्यानं चार साचे चालवायचे. चार साचे म्हणजे माणूस माकडासारखा उड्या मारतो. भोंगा झाला की तीच माणसं घामानं निथळत मैदानावर यायची आणि ओरडायची, "सिद्या, तुझा साचा चालवून आलोय, आता दाखव काय ते." त्यांच्या जिवावर खेळून बुधवारी दुसऱ्याचा सदरा कोण घालणार? त्यांनी साचाच पाडला असता अंगावर.

आणि तरी मी घातला.

झालं असं. आम्ही एकदा कुर्डुवाडीला खेळायला गेलो होतो. तिथं रेल्वेचं वर्कशॉप, त्यांचा संघ तगडा. त्यांचा फोरमन पिंटो म्हणून होता, तोच संघ बघायचा. जाडजूड, सदा शर्टाला ग्रीसचे डाग, भला माणूस. त्याला माझा खेळ आवडला. पंधरा दिवसांनी तो स्वतः गिरणीच्या दारात आला. वर्कशॉपमध्ये फिटरचा हेल्पर म्हणून कायमची नोकरी, राहायला क्वार्टर, आणि खेळायचं रेल्वेकडून. मी घरी येऊन हिला सांगितलं. नोकरीचं सांगितलं, रेल्वेच्या फुकट पासचं सांगितलं. ही भाकरी थापत नुसती ऐकत होती. क्वार्टरात नळ आहे म्हटल्यावर हात थांबले.

"नळ? घरात?"

घरात, मोरीवर.

"म्हंजी तोटी आपल्याच हातात? पायजे तवा सोडायची?"

हा प्रश्न तिनं झोपेपर्यंत तीनदा विचारला.

आमच्या चाळीत चाळीस खोल्या आणि नळ एक. सकाळच्या भोंग्याआधी तासभर पाणी यायचं. बायका त्याच्याही आधी घागरी रांगेत लावून ठेवायच्या. दोन खेपा मिळाल्या तर नशीब. मग घर, मग गिरणीत दहा तास. तिथली भांडणं मला ऐकूनच माहीत. दुसऱ्या दिवशी हिनं रांगेत सांगून टाकलं, आमी रेल्वेत चाललो, माझ्या घरात नळ हाय. चाळीत तुळसाबाई म्हणून होती, जिची जीभ कात्रीला धार लावील अशी. तिलाही म्हणे त्या दिवशी काही सुचलं नाही.

नरसय्याला सांगितलं. तो रागावला असता तर बरं झालं असतं. खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "पो रा, सिद्दा. जा. संसाराचं बघायला पाहिजे." हुसेन आठ दिवस माझ्या शेजारी खेळला, "छोड" सोडून दुसरा शब्द काढला नाही.

मग रेल्वेचा संघ सोलापूरला आला, भोंग्याशीच मैत्रीची मॅच खेळायला. पिंटो म्हणाला, ही एक आमच्याकडून खेळ, वरचे साहेब येणार आहेत, तुला बघतील आणि कागद होऊन जाईल. मला निळा सदरा दिला. बूट दिले. बूट घालून मी दहा पावलं चाललो. दोन आडांत दोन पाय घातल्यासारखं वाटलं. बूट परत केले, सदरा ठेवला.

मैदानावर उतरलो तेव्हा गिरणीची सगळी माणसं काठाला बसलेली. कुणी शिवी दिली नाही. नुसती बघत होती. माझ्या साच्याशेजारचा गडी तोंड फिरवून तंबाखू मळत होता. त्या दिवशी गिरणीला सुट्टी होती, माझे साचे कुणी चालवत नव्हतं.

खेळलो मात्र चांगला. लबाडी केली नाही. भोंग्याचे तीन हल्ले मीच मोडले. रेल्वेनं एक गोलही केला. मध्यंतराला दोन-चार मिनिटं असताना भोंग्याला कॉर्नर मिळाला. चेंडू उंच आला, थेट माझ्या डोक्यावर. आजूबाजूला कुणी नाही. लहान पोरानं बाहेर काढला असता. मी मान वर केली, पाय रोवले आणि मागून आवाज आला.

"छोड, सिद्या!"

मी बाजूला झालो.

आता यात विचार कुठला? दहा वर्षांचा आवाज. मी मान खाली घालून, अंग चोरून, चेंडूला वाट करून दिली. हुसेननं धावत येऊन कपाळ लावलं आणि चेंडू आमच्या, म्हणजे रेल्वेच्या, गोलात. बॅकनं आपली जागा सोडून इतकं पुढं यायचं नसतं. हुसेन त्या दिवशी का आला होता ते मला नंतर कळलं.

काठावर एकजण हसला आणि मग सगळी गिरणी हसली. तंबाखू मळणारा तर आडवा पडून हसत होता. माझ्या कानशिलात कढत पाणी ओतल्यासारखं झालं. रेल्वेच्या पोरांना वाटलं मी चेंडू विकला. मध्यंतराची शिट्टी झाली. पिंटो माझ्याकडं आला. मी म्हटलं आता हा थोबाडीत देणार. तो म्हणाला, "सिदू, तेरे को मैं नौकरी दे सकता. नया कान नहीं दे सकता."

वर हेही म्हणाला की नोकरी आहेच, वाटलं तर ये, कानाला हळूहळू सवय होईल. पण मला समजलं. मी सदरा काढला, घडी घातली, त्याच्या हातात दिला आणि उघड्या अंगानं काठाला जाऊन बसलो. पिंटोनं सदरा काखेत मारला आणि गेला. तेव्हा बदली गडी घ्यायची पद्धत नव्हती. रेल्वेवाले दहाजणांत खेळले आणि तरी भोंग्याला दोन-एकनं हरवून गेले. माझी जागा रिकामी होती, पण भोंग्याला तिकडून एकही गोल करता आला नाही.

घरी आलो. भागूनं भांडी पोत्यात बांधून ठेवली होती. तवा तेवढा बाहेर. मी दारातच सगळं सांगितलं. मला वाटलं रडेल, भांडेल. तिनं विचारलं, "साहेब नको म्हनला?"

मी म्हटलं, साहेब हो म्हणतोय. मीच नको म्हणालो.

ती पोत्याजवळ बसली आणि गाठ सोडायला लागली. मी मदतीला हात घातला तर म्हणाली, "मी बांधली, सोडीन बी मीच." एकेक भांडं काढून फळीवर लावलं. फार वेळ लावला. मी नुसता बघत उभा.

दुसऱ्या दिवशी रांगेत तुळसाबाईला सगळं सुचलं. काय गं बाई, रेल्वे सुटली का तुला सोडून गेली? घरातला नळ कुटाय, पदरात बांधून आणला का? सगळ्या बायका हसल्या. भागू घागर घेऊन आली, ती चुलीपाशी आपटून ठेवली आणि माझ्याकडं वळली. तिचं ते बोलणं मला शब्दन् शब्द पाठ आहे.

"नळ गेला तर गेला. माजा काय बी राग न्हाय. पर गड्ड्याच्या जत्रंनंतर तुमच्या मॅची हायत न्हवं? त्यात त्या रेल्वेला हरवायचं. हरला तर मी पुन्ना त्या रांगंत उभी ऱ्हानार न्हाय. मग पाणी तुमी भरायचं. रोज. समद्या बायकांत उभं ऱ्हाऊन."

चेष्टा नव्हती. भागू बोलली की करायची. गिरणीतला गडी घागर घेऊन बायकांच्या रांगेत उभा, हे सोलापुरात त्या काळी कुणी पाहिलं नव्हतं. मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार.

अडचण निराळीच निघाली. "छोड, सिद्या" गावभर झालं. टांगेवाला मागून ओरडायचा, छोड सिद्या. भाजीवाली वांगी मोजताना म्हणायची, छोड सिद्या, तीच घे. मैदानावर सराव करताना काठावरची पोरं हुसेनचा आवाज काढायची आणि मी दरवेळी बाजूला व्हायचो. नरसय्या डोकं धरून बसला. शब्द बदलला तर? "जाने दे" करून पाहिलं, "सोड" करून पाहिलं. नवा शब्द कानात शिरून पायापर्यंत पोचेस्तोवर चेंडू गेलेला असायचा. शिवाय आपण ओरडणार ते समोरचाही ऐकणार आणि उद्या तोही ओरडणार.

मी हे घरी जेवताना सांगत होतो. भागू म्हणाली, "मग तोंड कशापायी उघडताय? आमच्या खात्यात मशिनीच्या आवाजात तोंडानं कोन बोलतंय? टाळी वाजवतो आमी. रीळ संपलं की एक टाळी. जिची टाळी, तिची मशीन. टाळी कुनाची ती वळखू येती, आवाज वळखू येत न्हाय."

मला पटेना. टाळ्या काय सगळ्या सारख्या. तिनं मला भिंतीकडं तोंड करून बसवलं आणि शेजारच्या दोघी बायकांना बोलावून तिघींनी पाळीपाळीनं टाळ्या दिल्या. खरंच, एकेकीची निराळी. भागूची कोरडी, लाकडावर लाकूड मारल्यागत.

दुसऱ्या दिवशी हुसेनला सांगितलं. तो दगडावर बसून हाताचा रंग खरवडत होता. ऐकून हसला आणि मग पहिल्यांदा त्या गोलाविषयी बोलला. "मैं जानबूझ को आया था उप्पर. देखना था मेरेकू, तू गया क्या नै गया."

मी विचारलं, मग काय दिसलं?

"नै गया था," म्हणाला, आणि परत रंग खरवडायला लागला.

चार महिने आम्ही मुक्यानं सराव केला. मधला चेंडू आला की ज्याचा, त्यानं एक टाळी द्यायची. टाळी नाही ऐकली तर चेंडू तुझा. हुसेनच्या हाताला रंगाचे आणि खारांचे घट्टे, त्याची टाळी फरशी फुटल्यासारखी. पहिला महिना डोकी आपटली. त्याचा एक दात हलला, माझी भुवई फुटली. तिसऱ्या महिन्यात मी झोपेत कूस बदलायला लागलो. शेजारी कुणी डास मारला की.

संक्रांतीची गड्ड्याची जत्रा झाली. मॅची सुरू झाल्या. आम्ही दोन जिंकलो, रेल्वेवाले तीन जिंकून आले आणि शेवटच्या सामन्याला समोरासमोर उभे राहिलो. त्या दिवशी गिरणीत किती माणसांनी किती साचे सांभाळले देव जाणे. अकरा खेळणारे, रंग खात्यातला हुसेन सोडला तर वीस साचे, आणि ज्यांच्याकडं काम नव्हतं ते सगळे काठावर. सकाळी निघताना भागूनं एवढंच केलं, घागर उचलून दारात माझ्या वाटेवर ठेवली. मला ती ओलांडून जावं लागलं.

पहिली पस्तीस मिनिटं काही नाही. दुसऱ्या डावात त्यांनी आम्हाला आमच्याच गोलापुढं कोंडलं. त्यांचा मधला फॉरवर्ड उंच, बुटाचा, पाय लोखंडी. त्या मैत्रीच्या मॅचमध्ये तो पस्तीस मिनिटं माझ्या संघात होता, हे ध्यानात ठेवा. दहाएक मिनिटं उरली असतील. एक चेंडू उंच येऊन टप्पा खाऊन बरोबर माझ्या आणि हुसेनच्या मधोमध उठला. मी धावलो. पाठीमागून आवाज आला.

"छोड, सिद्या!"

आवाज हुबेहूब हुसेनचा. त्या उंच बेट्यानं घरी बसून घोटला असावा. खोटं कशाला बोलू, माझा उजवा पाय उचलला गेला. अंग अर्धं वळलं. पण टाळी नव्हती. कानात मैदानभर गलका होता, आणि त्या गलक्यात टाळी नव्हती. मग चेंडू माझा. उचललेला पाय मी तसाच पुढं फेकला. त्याच वेळी त्या उंच्याचा बूट आला. चेंडू, बूट आणि माझा अंगठा एका जागी भेटले. नख तिथंच उभं चिरलं. चेंडू मात्र असा निघाला की आजही डोळ्यांपुढं जातो. मधली रेघ ओलांडून डाव्या कडेला, आमचा डावा फॉरवर्ड इराण्णा, त्याच्या पुढ्यात. रेल्वेचे सगळे आमच्या गोलापुढं गोळा झालेले, तिकडं एकटा बॅक. इराण्णा त्याला उजवी दाखवून डावीकडून गेला आणि जमिनीलगत मारला.

मी गोल पाहिला नाही. खाली बसून अंगठा धरला होता. गोल झाला ते मला गिरणीच्या ओरडण्यावरून कळलं. हुसेन येऊन माझ्या अंगावरच पडला. राहिलेली मिनिटं मी त्याचा रुमाल अंगठ्याला बांधून खेळलो आणि एकही चेंडू पलीकडं जाऊ दिला नाही. शिट्टी झाली. एक-शून्य.

मग काय विचारता. साच्याशेजारचा गडी मला उचलून नाचत होता आणि म्हणत होता, माझ्या चार साच्यांनी कप आणला. नरसय्या मैदानाच्या मधोमध बसून रडत होता. पिंटो आला, माझा हात हातात घेतला, म्हणाला, तेरा कान अच्छा हो गया. हलगी आणली, चाळीपर्यंत मिरवणूक आली. लोक मला आणि इराण्णाला पुढं करत होते. हुसेन मात्र थेट आमच्या दाराशी गेला आणि सगळ्या चाळीला ऐकू जाईल असं म्हणाला, "भाभी, गोल तुमारा है. ये दोनों तो नौकर." भागू दाराआड झाली. पण हसली ते मी पाहिलं.

दुसऱ्या दिवशी नळावर तुळसाबाईची घागर पहिली होती. तिनं आपल्या हातानं ती बाजूला घेतली आणि भागूला म्हणाली, भर बाई, आज तुझी पाळी. बाकीच्या वाट बघत उभ्या. भागूनं काय करावं? घागर नळाखाली धरण्याआधी राखेनं घासायला बसली. आतून घासली, बाहेरून घासली, बूड घासलं. सगळी रांग उभी. मला येऊन सांगितलं, "नको म्हनायला पायजे हुतं. पर म्हनलं न्हाय."

त्यानंतर आणखी दोन ठिकाणांहून बोलावणी आली. एका मोठ्या शहरातूनही आलं. मी गेलो नाही. गुडघा जाईपर्यंत भोंग्याकडून खेळलो, हुसेनही. तो गेल्याला आता सहा वर्षं झाली. मागे एकदा गावात माझा सत्कार केला, शाल-नारळ दिला, वक्ते म्हणाले, एकनिष्ठ खेळाडू, क्लबासाठी रेल्वेची नोकरी सोडली, क्वार्टर सोडलं, घरातला नळ सोडला. मी मान हलवत बसलो. भागू मागं बायकांत बसलेली.

आता लिहायला बसलो तेव्हा त्यातली चूक कळते. नळ मी कुठला सोडला? मी कधी त्या नळावर गेलोच नव्हतो. मॅच हरलो असतो तर गेलो असतो. जिंकलो, म्हणून पुढची सगळी वर्षं पाणी तिनं भरलं. चाळीतला नळ अजून तोच आहे, तासभरच येतो. खोलीत नळ घ्यायचं मी दरवर्षी म्हणायचो. ती म्हणायची, राहू द्या, आता सवय झाली. मी राहू दिलं.

तिनं माझी नखं काढली त्या दुपारनंतरच्या पहाटे नळाला पाणी आलं तरी भागू उठली नाही. मी हाक मारली. मग हात लावून पाहिला. शेजारणी धावत आल्या. सांगोल्याला मुलीकडं माणूस पाठवला. हिला अंघोळ घालायला पाणी पाहिजे होतं आणि घरात एकच तांब्या भरलेला होता. तुळसाबाईच्या सुनेनं आमच्या दोन घागरी उचलल्या, म्हणाली, मामा, तुम्ही बसा, मी आणते. मी तिच्या हातातून घागरी घेतल्या आणि नळावर गेलो. बायकांची रांग होती. त्या बाजूला झाल्या. मला तोटी कुठल्या बाजूला फिरते तेही माहीत नव्हतं, एकीनं दाखवलं. दोन्ही घागरी काठोकाठ भरल्या. एक खांद्यावर, एक हातात. परत येताना तिघाचौघांनी हात पुढं केला, मी कुणाला दिली नाही. वाटेत कुठं टेकवली नाही. हिच्या अंघोळीचं पाणी मी आणलं.